फुंकणीवाल्याचं वजन

४ जानेवारी
ह्यांचं वजन शेहेचाळीस! डॉक्टर म्हणाले, "पन्नास भरल्याशिवाय फुप्फुसाच्या ऑपरेशनचं नाव काढू नका." नुसता श्वास घेण्यातच ह्यांचं खाल्लेलं सगळं खर्ची पडतं म्हणे. मग घालू खायला! त्यात काय मोठंसं?

६ जानेवारी
ताट शिगोशीग वाढलं — भात, डाळ, दोन अंडी, वर लोणी. माझं मन राखायला ह्यांनी सगळं संपवलं आणि मग खुर्चीत बसून नुसत्या धापा. मी पाठ चोळत राहिले. फार घाबरले आज.

७ जानेवारी
दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "आजी, पोट गच्च भरलं की फुप्फुसाला जागा कुठे उरते? थोडं थोडं द्या, दिवसातून सहादा द्या." हे गालात हसले. म्हणाले, "अगं, कारखान्यात आम्ही काय करायचो?"

खरंच की. हे काचेच्या कारखान्यात फुंकणीवर होते. भरल्या पोटी फुंकर मारता येत नाही, म्हणून सगळे फुंकणीवाले अर्धपोटीच कामाला लागायचे. मी डबा अर्धाच भरायची, आणि सासूबाई शेजारीपाजारी सांगत सुटायच्या, "सून माझ्या लेकाला उपाशी मारते!"

लग्नानंतर एकदा मला कारखाना दाखवायला नेलं होतं. भट्टीसमोर घामाने निथळत उभे, गाल फुगलेले, आणि नळीच्या टोकाला तो लालभडक गोळा वाढत चाललेला. एका दमात अख्खी बरणी! मी तिथेच भाळले — नवऱ्यावरच, आणि तेही लग्न होऊन चार महिने झाल्यावर. आता चहा फुंकून प्यायचा तरी मध्ये थांबावं लागतं. ते दिवस फार आठवतात.

१२ जानेवारी
वाटी-वाटीने चाललंय. अंडं, दूध, केळं, दाण्याचं कूट. "भातुकली मांडलीस का?" म्हणून चिडवतात. चिडवू देत, खातायत ना!

२० जानेवारी
सत्तेचाळीस.

२ फेब्रुवारी
एकोणपन्नास! लेकीला फोन केला. शेजारणीला तर दारात गाठून सांगितलं.

९ फेब्रुवारी
एक्कावन्न. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते, ते ह्यांच्या पायांकडे. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. मग मला बाहेर बोलावलं. "हे अन्नाचं वजन नाही, आजी. अंगात पाणी साठलंय, हृदय थकलंय. मीठ बंद करा. ऑपरेशन आता नाही होणार."

ह्यांनी आकडा तेवढा वाचला होता. घरी आल्या आल्या स्वतःहून वाटी मागितली. पहिलाच घास खाऊन म्हणाले, "मीठ विसरलीस."

"हो," म्हटलं, "विसरले."