तांब्याच्या गुंडातले पाणी

चंद्रपूर, जानेवारी १९९९. शनिवार, सायंकाळ.

सिद्ध करावयाचे ते एवढेच, की तीन वर्षांपूर्वी कोरपन्याकडील त्या विहिरीचे पाणी मी पिण्यायोग्य ठरवले, ते योग्यच होते. प्रमाण असे: पाण्यात दातांना डाग पाडणारे फ्लोराईड असले की मी प्रयोगशाळेत घडवलेला रेणू अतिनील दिव्याखाली हिरवा चमकतो. त्या दिवशी तो चमकला नाही.

आज तिथल्या कांताबाई पुन्हा नमुना घेऊन आल्या. तेव्हा त्यांनी तो चिंचेने घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या गुंडात आणला होता. आज मुलीची शाळेची प्लास्टिकची बाटली होती.

"गुंड आणला नाहीत?" मी सहज विचारले.

"बसमधी कोन वागवते जी तो? तवा तुमचा मान म्हणून आणला, रातभर भरून ठेवला होता. तुमी पानी चांगलं म्हणलं. मंग पोरीचे नवे दात डाग घेऊन काऊन आले?"

नमुना हिरवा चमकला.

रात्रभर, तांब्याच्या गुंडात. तांब्याचा अंश मिसळला की फ्लोराईड असूनही हा रेणू विझतो, हे माझ्याच प्रबंधात आहे. मग सुटका कोठे? रेणू निर्दोष, म्हणून दोष माझाच. गप्प राहावे, तर विहिरीत उद्याही बादल्या पडतील.

उद्या गावात येऊन सर्वांसमोर सांगतो, असे म्हणालो.

"या," कांताबाई म्हणाल्या, "प्यायचं पानी मातर घरून आना."

कबुली: अंधार पाहून मी निष्कर्ष काढला, पाणी कोणत्या भांड्यात होते, याचा विचार केला नाही.

— वि. ग.