तीन गाठींचा लाल धागा

मी मन्नुबिया, सालेहची लेक, मोन्जीची विधवा, राहणार ऐन तीना, नाबुलजवळ, वय एकाहत्तर पुरं. हे सगळं माझ्या हाताने लिहितेय. अक्षर वाकडं आहे, पण गावच्या शाळेतल्या पाच वर्षांत एवढंच आलं. डोकं ठिकाणावर आहे. कुणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक घालून बघितला एकाने, ते पुढे येईलच.

सोमवारी मला ट्युनिसच्या दवाखान्यात नेणार, हृदयाची एक झडप बदलायला. डॉक्टर म्हणाला, "आजी, घाबरू नका." मी म्हटलं, "घाबरत नाही रे बाबा, वीस तारखेच्या आत सोडशील का ते सांग." कारण वीस ऑक्टोबरला माझ्या 'तीन गाठी' या ट्रेडमार्कची दहा वर्षं संपतात. नवा अर्ज गेला नाही, तर दंड भरून थोडे महिने मुदत मिळते म्हणे, आणि तीही गेली की खूण मोकळी. मग कुणीही उचलावी. म्हणून चार दिवस जीव थाऱ्यावर नाही. बसले की उठते, उठले की कशाला उठले ते आठवत नाही.

आत्ताच गच्चीवर जाऊन आले. मिरच्या वाळल्यात, पण उजवीकडची माळ उद्या उतरवा. हे मृत्युपत्रात लिहायचं नसतं, ठाऊक आहे. कुणी उतरवणार नाही म्हणून लिहिलं.

घर, शेत आणि अठ्ठावीस जैतुनाची झाडं: ही माझा एकुलता एक मुलगा फौजी याची. मी दिली नाहीत तरी कायद्याने त्याचीच आहेत, त्यामुळे आभार मानायची गरज नाही. विहिरीजवळच्या जैतुनाला तू लहानपणी खिळे ठोकले होतेस. ते काढ.

मिरच्या वाटायचं यंत्र आणि दोन्ही दगडी उखळी: दूजाला. एकवीस वर्षं ती माझ्याबरोबर मिरच्यांची देठं काढतेय आणि एकवीस वर्षं मला सांगतेय की मीठ कमी पडतं. आता घाल बाई, हवं तेवढं घाल.

आता धागा.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. उन्हाळ्यात आमच्या गावातल्या बायका वर्षभराचा हरिसा, म्हणजे लाल मिरचीचं वाटण, करून ठेवतात. पूर्वी गावात एकच गिरणी. सगळ्यांच्या बरण्या तिथे रांगेत. कुणाची कुठली ते कळावं म्हणून प्रत्येक घर बरणीच्या गळ्याला आपला धागा बांधायचं. कुणी निळा, कुणी चिंधी, कुणी काथ्या. माझ्या आईचा धागा लाल, तीन गाठींचा. एक मिरचीची, एक शहाजिऱ्याची, एक लसणीची. लग्नात मी तो माझ्याबरोबर आणला. सासरी हसले: "एवढीशी बरणी आणि तिला तीन गाठी?" पण नाबुलच्या बाजारात दुकानदार सांगायला लागले की गिऱ्हाईक हरिसा मागत नाही, तीन गाठी मागतं.

मी मोन्जीला म्हटलं, "याची नोंद करायला हवी."

तो म्हणाला, "कशाला? सगळ्या गावाला माहीत आहे धागा कुणाचा ते."

मोन्जी, अल्ला तुला सुखात ठेवो, पण ही तुझी चूक मी कागदावर आणणारच. गावाला माहीत असणं आणि कचेरीला माहीत असणं यात बारा वर्षांचा फरक पडला. बारा वर्षं आम्ही धागा बांधत राहिलो आणि २०१२ साली मोन्जीचा धाकटा भाऊ खमैस, आमच्या शेजारच्याच दारात राहणारा, ट्युनिसला जाऊन लाल धागा आणि तीन गाठी आपल्या नावावर मागून आला. हरिसासाठी. आम्हाला कळलं ते नाबुलच्या एका वकिलीणबाईंकडून, त्या आमचंच गिऱ्हाईक. ट्रेडमार्कची कचेरी अशा अर्जांची यादी छापते आणि हरकत घ्यायला दोन महिने देते. त्यातले नऊ दिवस उरले होते.

वकिलीणबाई म्हणाल्या, "तुम्ही त्याच्या आधीपासून वापरता याचा पुरावा द्या. तारीख असलेला."

"अख्खं गाव साक्ष देईल."

"मन्नुबियाबाई, गावावर तारीख छापलेली नसते."

नऊ दिवस मी घर उलटंपालटं केलं. पेट्या, गाद्या, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा. आठव्या दिवशी सापडला तो खमैसच्याच लग्नातला फोटो. मागे स्टुडिओचा शिक्का, जून १९८४. नवरदेव मधोमध, समोर ताटं, ताटाशेजारी माझी बरणी, गळ्यात लाल धागा, तीन गाठी मोजता येतात इतक्या स्वच्छ. आणि नवरदेवाचं बोट तोंडात.

खमैसला वकिलीणबाईंच्या टेबलावर तो फोटो दाखवला तेव्हा त्याने तो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "वहिनी, माझे केस किती होते गं तेव्हा!" आणि अर्ज मागे घेतला.

त्याच ऑक्टोबरात मी माझ्या नावाने अर्ज केला. बाईंनी विचारलं, "कशाकशासाठी हवाय हा मार्का?"

मी म्हटलं, "हरिसासाठी. दुसरं काय? धाग्याने मी कपडे धुते का?"

बाईंनी अर्जात तेवढंच लिहिलं. वर्षाच्या आत खमैसने जैतुनाच्या तेलाचा साबण काढला. लाल धागा, तीन गाठी. मी भांडायला गेले तर दारातच म्हणाला, "वहिनी, तू हरिसाचा मार्का घेतलायस. मी हरिसा विकत नाही. तुझ्या हरिसाने हात धुऊन बघ, मग भांड." तेव्हापासून नऊ वर्षं मी त्याच्याशी फक्त भिंतीवरून बोलते.

उठले होते. रीमने चहा आणला, "लल्ला, काय लिहिताय एवढं?" म्हणाली. मी पान उलटं केलं. रीम म्हणजे माझी सून, फौजीची बायको; सासूला इथे लल्ला म्हणतात. तिने वाचलं असेल, तिचे डोळे चांगले आहेत.

फौजी, आता तुझ्याकडे वळते. राजधानीची एक मोठी कंपनी, नाव लिहीत नाही, तीन गाठींचा मार्का विकत मागतेय. त्यांच्या माणसाने मला समोर बसवून सांगितलं, "आजी, धागा तोच राहील, फक्त आता तो बरणीवर छापू." आणि आत टोमॅटो घालणार, स्वस्त पडतो म्हणून. मी नाही म्हटलं. मग तू आलास. तू म्हणालास, "उम्मी, तू गेल्यावर कोण ट्युनिसला खेटे घालणार? आत्ताच दे, नाहीतर कुणीतरी फुकट नेईल." हाच तो धाक. आणि तू मला तुझ्या हाताने कागदावर लिहून दिलंस: "कंपनी चार हजार दिनार देतेय. धाग्याची किंमत याहून जास्त नाही. फौजी."

कंपनी खरं काय देत होती ते मला मिरचीवाल्याकडून कळलं. तो आकडा इथे लिहीत नाही. का ते बघ.

मी नोटरीसाहेबांकडे गेले होते. ते म्हणाले, "वारसाला मृत्युपत्राने वेगळं काही देता येत नाही. परक्याला देता येतं, पण मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच."

"सून वारस असते का?"

"नाही."

"चार हजाराचा धागा तिसऱ्या हिश्शात बसतो का? हा बघा, मुलाच्या सहीचा कागद."

नोटरीसाहेबांना खोकला आला. पाणी प्यायले. म्हणाले, "आरामात बसतो."

तर लिहून ठेवते: 'तीन गाठी' हा ट्रेडमार्क, धाग्याच्या चित्रासकट आणि नावासकट, माझ्या पश्चात माझी सून रीम हिचा. तिच्या एकटीचा. फौजीची किमतीची चिठ्ठी या कागदाला टाचली आहे. फौजी, हे वाचताना तुझा चेहरा बघायला मी नसेन, मरण्यात मला दिसलेला एवढाच तोटा. विकायचा असेल तर बायकोची मनधरणी कर. ती कशी नाही म्हणते ते तुला माझ्याहून जास्त माहीत.

रीम, तुला का? नाबुलच्या शहरातली पोर, आलीस तेव्हा मिरचीला हात लावून डोळे चोळलेस आणि दोन दिवस रडलीस. पण तिसऱ्या वर्षी तू ट्युनिसच्या बाजारातून एक बरणी घेऊन आलीस आणि म्हणालीस, "लल्ला, ही आपली नाही. तिसरी गाठ सुटतेय." दुकानदाराला ओळखू आली नव्हती, फौजीला आली नव्हती, चष्मा लावूनही मला आली नव्हती. वकिलीणबाईंचं पत्र गेलं आणि नकली बरण्या भरणारा तो माणूस थांबला. तेव्हाच ठरवलं मी.

तुझ्यावर अटी आहेत. कचेरीची यादी दर महिन्याला वाचायची. कंटाळवाणी असते, कॉफी जवळ ठेव. कुणी आपल्यासारखी खूण मागितली तर दोन महिन्यांच्या आत हरकत, माझ्यासारखी नऊ दिवसांवर आणू नकोस. बरण्या दर वर्षी बाजारात गेल्या पाहिजेत, थोड्या का होईना. वापर पाच वर्षं थांबला तर मार्का काढून घ्या म्हणून कुणीही मागू शकतं. टोमॅटो नाही. बस.

सोमवारी आधी कचेरी, मग दवाखाना. गाडीवाल्याला सांगून ठेवलंय. दहा वर्षांचं नवं करून घेणार, आणि सोबत एक नवा अर्ज देणार: साबणासाठी.

खमैस, ऐकलंस? नऊ वर्षं झाली तरी साबणासाठी तू अर्जच केला नाहीस. मी वकिलीणबाईंकडून बघून घेतलं, दोनदा. का केला नाहीस ते भिंतीवरून विचारलं तर म्हणालास, "गावाला माहीत आहे साबण माझा ते." मी आत जाऊन एकटीच बसले. अगदी मोन्जीचा आवाज होता.

हे मी तीनदा लिहून खोडलं. मनात आलं, घ्यावा हिसकावून. मग मनात आलं, राहू दे. काल नळावर उभी होते तर हाताला साबणाचा वास आला, आणि ठरलं. साबणाचा मार्काही माझ्या नावाने नोंदवला जाईल आणि माझ्यामागे रीमचा होईल. पण खमैसला हयातभर त्याच्या साबणावर तीन गाठी बांधायची लेखी परवानगी राहील. भाडं दरमहा साबणाच्या दोन वड्या. वड्या आल्या नाहीत तर परवानगी संपली. साबण चांगला आहे. नऊ वर्षं मी तोच वापरते, दूजाला पाठवून आणवते. हे तुला मी मेल्यावर कळावं असं वाटत होतं, पण आता साक्षीदार म्हणून तू आजच वाचशील. सही केलीस तर हे सगळं तुला कबूल.

लग्नाचा तो फोटोही खमैसला. चौकट करून दिवाणखान्यात लावावा, बोटासकट.

साक्षीला खमैसच का, असं दूजा विचारतेय. या कागदाला मी सहीबरोबर धागाही बांधणार आहे, आणि तो माझाच म्हणून ओळखणारा माणूस हवा. माझ्या गाठी त्याच्याइतक्या लक्ष देऊन जगात कुणी पाहिल्या नाहीत.

मला मोन्जीशेजारी पुरा. मी बरी होऊन आले तर हा कागद फाडणार नाही, फौजीला समोर बसवून मोठ्याने वाचीन.

सही: मन्नुबिया
स्थळ: ऐन तीना, स्वयंपाकघर
तारीख: ८ ऑक्टोबर २०२२, शनिवार
(सहीखाली लाल धागा, तीन गाठी)

साक्षीदार पहिली: दूजा. समोर लिहिलं, समोर सही केली. मीठ मी खरंच वाढवणार.

साक्षीदार दुसरा: खमैस. सगळं वाचलं, कबूल. गाठी वहिनीनेच बांधल्या, माझ्यादेखत. तिसऱ्या गाठीला टोक दुसरीच्या खालून घ्यायचं असतं होय? नऊ वर्षं साबणावर मी वरून घेतोय, म्हणून सुटते. दोन वड्या उद्या सकाळी पोचवतो, दवाखान्यात ने.

चार पाठव. दोन नर्सबाईंना. मन्नुबिया