लाल खूण नसलेला कागद

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाट्या रंगवणे (आता बंद), पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नीने दिलेला नाही.

१. राहत्या दोन खोल्या व बँकेतील शिल्लक पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. नऊ वर्षे मी अरबी सुलेखनाचा पहिलाच धडा गिरवत बसलो: "प्रभो, सोपे कर, अवघड करू नकोस." ती म्हणायची, "एवढ्यात माणूस अख्खी भाषा शिकला असता." खरे आहे. तिने घर चालवले, मी एक ओळ चालवली, तीही वाकडी.

२. शिडी मेहुण्याला. 'म्हातारचळ' हा शब्द त्याने माझ्याबद्दल चारचौघांत वापरला. शिडीची तिसरी पायरी मोडकी आहे हे लिहून ठेवतो, नाहीतर मी सूड उगवला असे व्हायचे.

३. बोरू, चाकू व काजळीच्या शाईची दौत मुलीला. बोरूच्या टोकाचा ठिपका हे माप. अक्षराची उंची त्या ठिपक्यांनी मोजायची. चाळीस वर्षे पाट्या रंगवल्याने मला सगळे येते अशी घमेंड होती. पहिल्याच दिवशी अक्षराची वाकडी कड ब्रशने गुपचूप सारखी केली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या उस्तादांनी कागद उजेडात धरला. "पाटी छान रंगवलीत. आता लिहा."

४. ट्रंकेतले सरावाचे कागद रद्दीत द्यावेत. प्रत्येकावर उस्तादांच्या लाल शाईच्या दुरुस्त्या आहेत. फक्त सर्वांत वरच्या कागदावर एकही लाल खूण नाही. त्या दिवशी त्यांना ताप होता. ओळ साधली, की ते तपासायलाच विसरले, हे विचारायची हिंमत झाली नाही. गुडघ्याचे निमित्त सांगून मी जाणेच बंद केले. माझ्या माघारी मुलीने त्यांना विचारावे. विसरले असतील तर तोही रद्दीत. साधली असेल तर माझ्या फोटोऐवजी तो भिंतीवर लावावा. मला फार बरे वाटेल, वाटण्याची सोय असल्यास.

५. उस्तादांना काही ठेवलेले नाही, कारण ते साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही असे वकील सांगतात, म्हणूनच त्यांना बोलावले.

स्थळ: राहते घर, बाहेरची खोली. दि. ९ मार्च.
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी (सही)
२. उस्ताद (सही, लाल शाईत). कलम चार वाचले. विसरलो नव्हतो. दुसरा धडा सात महिने काढून ठेवला आहे. सोमवारी गुडघ्यासह या.