तेलाचा लाल दिवा

अहो,

"काहून वं, बाबांची गाडी विकून राहिले का?" असं शेजारच्या सिंधूताईंनी विचारलं, तेव्हा मला कळलं की उद्या गिऱ्हाईक येणार आहे. मला सांगायला तुम्हाला तोंड नव्हतं?

मी पारशिवनीला आईकडे चालले आहे. वरण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

माझे बाबा गेल्यापासून गाडी उभी आहे. तेल सगळं खाली बसलं असेल. तुमच्या सवयीने चावी फिरवून लगेच ॲक्सिलरेटर दाबलात, तर इंजिन कोरडं घासेल. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा त्याचसाठी असतो. तो डोळ्यांत खुपतो म्हणून तुम्ही त्यावर गणपती चिकटवलात. मी तो काढून देवघरात ठेवला आहे.

बाबा आधी कॉइलची जाड वायर काढायचे, म्हणजे इंजिन पेटत नाही. मग दिवा विझेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारायचे. तेल वर चढलं की वायर लावून गाडी चालू करायचे. तुम्हीही तसंच करा.

त्यातलं पहिलं काम मी करून ठेवलंय. उद्या रविवार, दुकानं बंद असतात, आणि वायर माझ्या पर्समध्ये आहे.

अरुंधती