होडी बाहेर असताना

८ नोव्हेंबर
मानसीने बनवलेला भुताचा खेळ खेळून पाहिला. हेडफोन लावून, खिडक्या बंद करून, लेकीने सांगितलं अगदी तसं. खाडीकाठचं घर, रात्र, घरात एकटी बाई. बाई दाराला कडी लावते. मग माळ्यावर पावलं, आरशात चेहरा, शेवटी पांढऱ्या डोळ्यांची हडळ अंगावर. बऱ्याचदा दचकलो. भ्यालो एकदाही नाही.
"खरं सांगा हं, बाबा. मला बरं वाटावं म्हणून नको."
खरं सांगितलं. तिने मान हलवली, लॅपटॉप उचलून आत गेली. पुण्याच्या कंपनीला वीस तारखेपर्यंत पाठवायचा आहे. आवडला तर नोकरी. नाही तर पुन्हा पनवेलचं ते जाहिरातीचं ऑफिस, जिथून ती रडत घरी आली होती.
नीता आई ना तिची, रागावली. "जरा भ्यायला काय झालं होतं तुम्हाला?"
बरोबर केलं का? ठरत नाही.

९ नोव्हेंबर
कॉलेजात शिकवून येताना, अलिबाग–रेवदंडा रिक्षात, हाच विचार. दचकणं वेगळं, भिणं वेगळं. दचकवायला मोठा आवाज पुरतो. कुकरची शिट्टीसुद्धा दचकवते. हल्लीच्या सिनेमात सगळं एकदम शांत झालं की कळतंच, आता येणार. आणि भूत नीट दिसलं की संपलं. मेकअपला किती वेळ लागला असेल, हे मनात येतं.
खेळाचं मात्र वेगळं. सिनेमात डोळे झाकले तरी गोष्ट पुढे जाते. खेळात दार मीच उघडायचं, माझ्याच बोटाने. मग मानसीचा का फसला? मेलं की पुन्हा तिथूनच सुरू, म्हणून? तिसऱ्या वेळी ती हडळ एसटीच्या कंडक्टरसारखी वाटते. रोजचीच.
मानसीला हे सांगितलं. कंडक्टरला हसली. बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
समोरच्या यमुनाकाकींना मानसीने खेळ दाखवला. माउस धरायला काकी तयार नाहीत, नुसतं पाहिलं. हडळ आली तर पदर तोंडाला लावून हसल्या.
"ही कोन गो, पावडर लावून आली?" मग जरा वेळाने, "न् हिचा घरवाला कुठं हाय?"
"समुद्रावर गेलाय, काकी."
"होरी बाहेर न् ही कडी लावते? येडी हाय काय?"
मानसीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.
आपल्यात घरची होडी बाहेर असली की दाराला कडी लावत नाहीत. लोटूनसुद्धा घेत नाहीत. घरचा माणूस कधीही परतेल, त्याला दार बंद दिसू नये. मी कॉलेजात असताना बाबांनी होडी विकली, त्या आठवड्यात आईने पहिल्यांदा रात्री कडी लावलेली आठवते. आता रोज मीच लावतो. खेळात ती कडी डोळ्यांसमोर लागली, तरी मला काही खटकलं नाही.

१३ नोव्हेंबर
काकींची होडी काल दुपारच्या भरतीला यायची होती. आली नाही. वारा नाही, समुद्र तळ्यासारखा. फोन लागत नाही. होडीवर काका आणि त्यांचा भाऊ. मच्छीमार सोसायटीची माणसं शोधायला गेलीत.
कॉलेजला गेलो नाही. भर दुपार, ऊन. समोर काकींचं दार सताड उघडं. त्या आत, दाराकडे तोंड करून जवळा निवडत बसलेल्या. कोणी काही विचारत नाही. नीता डबा देऊन आली. त्या तिला एवढंच म्हणाल्या, "मीठ जरा जास्त झालंय गो."
मी आमच्या खिडकीतून ते दार पाहत राहिलो. दारात काहीच नव्हतं. फरशीवर उन्हाचा चौकोन, हळूहळू सरकणारा. एक कोंबडी आत गेली, बाहेर आली. आणि मला खिडकीतून हलवेना. जन्म समुद्राकाठी गेला, पण त्या रिकाम्या दाराएवढं मोठं काही आजवर पाहिलं नव्हतं.
मागे मानसी उभी होती. कधी आली, कळलं नाही. तीही तेच पाहत होती.

१४ नोव्हेंबर
आली! इंजिन बंद पडलं होतं, ओढून आणली. दोघेही धड.
काका उंबऱ्यात पोचले तर काकी म्हणतात, "पाय धू आधी. सगला चिखल करशील." मग बराच वेळ आत भांडी आपटत होत्या.
नंतर, भर दुपारी, समोरच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. नीता इथे ओट्याशी उभ्या उभ्या रडली.

१७ नोव्हेंबर
मानसीने सगळं मोडून नव्याने केलं. हडळ गेली, रात्र गेली. आता दुपार. बाईच्या डोळ्यांनी आपण उघडं दार पाहतो. बटण एकच: कडी लावा. लावली की बाई सुरक्षित, खेळ संपला.
"आणि नाही लावली तर?"
"बसायचं, बाबा."
बसलो. डोक्यावर पंखा, आत नीता फोनवर. उन्हाचा चौकोन सरकत होता. मग त्यात सावली आली. चेहरा नाही, हालचाल नाही. ओल्या कपड्यातून पाणी ठिबकतं तसा आवाज. घरचा माणूस असेल. नसेल. असेल तर कडी कशी लावू? आणि नसेल तर? बोट बटणावर, दाबवेना. उचलवेनाही. शेवटी हेडफोन ओढून काढले. आमच्या खऱ्या दाराकडे मान वळवायला धीर होईना.
"घाबरलात?"
मान डोलावली. हिला मी सायकल शिकवली. हे हिला कुठून आलं?
संध्याकाळी दुसरंच मनात. ते दार काकींचं. त्यांची ती दुपार आपण न विचारता उचलली. मानसीला तसं म्हणालो. तिने लॅपटॉप मिटला. मग, "त्या नको म्हणाल्या तर नाही पाठवणार."
नोकरी तिची, आणि टोचणी माझी. बोलायला हवं होतं का?

१९ नोव्हेंबर
उद्या शेवटचा दिवस. काकी आल्या. मानसीने आधीच सांगितलं, हे तुमच्या दारावरून केलंय. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. या वेळी माउस स्वतः धरला.
ऊन सरकलं. सावली आली. पाणी ठिबकायला लागलं. काकी हसल्या नाहीत. पदर नीट केला, पडद्याकडे जरा वाकल्या.
"आलास?"
उत्तर नाही. मानसीने ते ठेवलेलंच नाही.
चहा तसाच राहिला. शेवटी मानसी हळूच म्हणाली, "काकी, लावू या आता कडी?"
"तू लाव. मी न्हाय लावायची."
तिलाही लाववेना.
"काकी, पाठवू का हे?"
काकी उठल्या, चपला शोधल्या. "कालवन ठेवलंय गॅसवर," म्हणाल्या आणि गेल्या. काका आज सकाळीच पुन्हा समुद्रावर गेलेत.
इथून त्यांचं दार दिसतंय, उघडं. टेबलावर लॅपटॉपही तसाच, चार्जर लावून. मानसी मधे बसली आहे, एकदा इकडे पाहते, एकदा तिकडे.