जेठजींचा खोकला

१९ नोव्हेंबर

निवडून आले — मी! दारात ढोल, गल्लीत फटाके, आणि हरसहायगंज नगरपालिकेच्या नव्या अध्यक्ष स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या. हार सगळे जेठजींच्या गळ्यात. जेठजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, सत्यपाल सिंह. जागा बायकांसाठी राखीव निघाली, नाहीतर तेच उभे राहणार होते. जीजींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे धरलेत, त्यांना जिना उतरवत नाही. मग उरलं कोण? मी.

गावभर फलक लागले होते. त्यावर घूंघट घेतलेली एक बाई, हात जोडलेली. खाली लिहिलेलं — विमलेश देवी, धर्मपत्नी महिपाल सिंह, आणि त्याहून मोठ्या अक्षरात सत्यपाल सिंह. फोटोत काय दिसत होतं? नथ. तीही जीजींची!

२४ नोव्हेंबर

शपथ झाली. जेठजी मंचावर, म्हणून तोंड झाकलेलं. आणि सुनेचा आवाजही जेठाच्या कानावर पडू नये, म्हणून मी शपथ अशी पुटपुटले की अधिकारी म्हणाले, “अध्यक्ष महोदया, जरा मोठ्यानं.” लोक हसले. शेवटी जेठजीच उठले आणि खोकत मंडपाबाहेर गेले, तेव्हा कुठे माझ्या तोंडून ‘मी विमलेश’ निघालं.

चौदा वर्षं झाली या घरात येऊन. जेठजींनी माझा चेहरा पाहिलेला नाही, मीही त्यांचा धड पाहिलेला नाही. मला त्यांचे पाय माहीत आहेत आणि खोकला माहीत आहे. उंबऱ्यावर येऊन दोनदा खोकतात — मग मी पदर ओढायचा किंवा आत पळायचं. बी.ए. झालेली बाई, खोकला ऐकला की पळते! माझं नावसुद्धा या घरात कुणी घेत नाही. माहेर कासगंजचं म्हणून मी ‘कासगंजवाली’.

३० नोव्हेंबर

जीपला पाटी लागली — ‘अध्यक्ष प्रतिनिधी’. जीपमध्ये जेठजी. माझ्या खुर्चीवरही जेठजी.

तसं या गावात जिथे जिथे अध्यक्ष लागतो तिथे तेच आहेत. कन्या इंटर कॉलेजचे व्यवस्थापक तेच, रामलीला समिती त्यांची, गोशाळा त्यांची. वाचनालयाला कुलूप, ते फक्त पत्त्यांच्या डावापुरतं उघडतं, आणि तो डाव त्यांच्या माणसांचा. ठाण्यात नवा दरोगा, म्हणजे फौजदार, आला की आधी आमच्याकडे चहाला येतो. एक जनाना इस्पितळ तेवढं त्यांच्या हातून सुटलंय. कुण्या सेठाणीनं बांधलेलं. पुरुषांना फाटकाच्या आत मज्जाव!

कागद घरी येतात. हे खताच्या दुकानातून आले की माझ्यापुढे धरतात. माझ्या हाताला पीठ असलं तर कोपरा दाबून धरतात, म्हणजे पान हलत नाही. माणूस वाईट नाही. फक्त भैयांपुढे, म्हणजे जेठजींपुढे, त्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

८ डिसेंबर

धुकं. दिवसभर सूर्य नाही. मटार सोलले, सह्या केल्या.

११ डिसेंबर

आज हाताला पीठ नव्हतं, म्हणून कागद वाचला. जनाना इस्पितळ पाडायचं! तिथे दुमजली बाजार होणार. नावही ठरलंय — सत्यपाल मार्केट. जुन्या मंडळानं जाता जाता ठराव करून ठेवला होता, आता फक्त अध्यक्षांची सही हवी.

मी म्हटलं, “अहो, मग बायकांनी जायचं कुठे?”

“जिल्ह्याला आहे ना मोठं इस्पितळ.”

“आणि वाटेतलं ते कायम बंद रेल्वेचं फाटक?”

ह्यांनी मान खाली घातली. निक्कीच्या वेळची रात्र त्यांनाही आठवत असणार. रक्त थांबत नव्हतं. हे जीप काढायला धावले, आणि इस्पितळातल्या सिस्टर लालनी ओरडून सांगितलं, “फाटकावर पोचेपर्यंत संपेल ही! इथेच ठेवा!” आणि त्या माझ्या उशाशी, पायाशी, सकाळपर्यंत उभ्या होत्या. आज मी आहे, माझी निक्की नऊ वर्षांची आहे. त्या खोलीवर आता बनियनची दुकानं येणार!

कागद परत दिला. म्हटलं, “ही सही मी करणार नाही.”

“भैयांना काय सांगू?”

“सांगा, ती नाही म्हणाली.”

“तूच सांग की!”

“मी कशी सांगू? मी त्यांच्याशी बोलत नाही!”

दोघंही हसलो. मग दोघंही घाबरलो.

१३ डिसेंबर

ह्यांनी भैयांना सांगितलं की तिचं बोट भाजलंय. जीजींनी मुद्दाम येऊन बोट पाहिलं.

१५ डिसेंबर

जेठजी अंगणात उभे राहून भिंतीशी बोलले. मला काही सांगायचं असलं की ते भिंतीला सांगतात. “सून घरात आणली ती कूळ वाढवायला. तिला खुर्ची दिली तर डोक्यावर बसायला निघाली. कासगंज काही लांब नाही. बसमध्ये बसवून देता येतं. पोरगी मात्र इथेच राहील.”

भिंत काय बोलणार! मी निक्कीची वेणी घालत होते, तिसऱ्यांदा सोडून पुन्हा घातली. ती म्हणाली, “मम्मी, दुखतंय.”

माझं तरी या गावात काय आहे? घर त्यांचं, जीप त्यांची, मुलीची शाळा त्यांची. निघून जाईन म्हटलं तर बसस्टँडवर तिकीट देणाराही आधी त्यांना फोन लावेल.

२० डिसेंबर

जिल्ह्याला नव्या कलेक्टर आल्यात, बाई आहेत. त्यांचा हुकूम आला — निवडून आलेल्या बायकांनी स्वतः कार्यालयात बसावं. नवरा, दीर, सासरा खुर्चीत सापडला तर कारवाई. कधीही अचानक येऊन बघणार.

घरात खल झाला. जेठजी म्हणाले, “बसवा तिला दुपारपर्यंत. मी शेजारी बसून काम बघेन. सही समोरच घेता येईल, बरंच झालं.” सगळे म्हणाले, वा, वा. हेही म्हणाले. मलाही वाटलं की आता संपलं.

२२ डिसेंबर

आज काय झालं ते लिहायलाच हवं! किती आनंद झालाय!

जीपनं मला सोडलं. मुख्याधिकारी तिवारीजी जिन्याशी उभे. खुर्ची केवढी मोठी, पाय जमिनीला टेकेनात. जरा वेळानं तिवारीजी हात चोळत म्हणाले, “अध्यक्षजी, रागावू नका... कलेक्टर मॅडम कधीही येतील. चेहरा उघडा असलेला बरा. नाहीतर म्हणतील, घूंघटात कुणालाही आणून बसवलंय.” खोलीत जेठजी नव्हते. मी पदर मागे घेतला.

आणि बाहेर खोकला.

एकदा. दोनदा. चौदा वर्षांची सवय — हात आपोआप पदराकडे गेला. आणि थांबला. म्हटलं, नाही ओढला तर?

नाही ओढला. पुन्हा खोकला, या वेळी मोठा. तिवारीजी एकदा दाराकडे बघतात, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, “बाहेरच्यांना सांगा, आत अध्यक्ष बसल्या आहेत. तोंड उघडं आहे.”

धाकट्या भावाच्या बायकोचं उघडं तोंड बघायचं म्हणजे पाप! जेठजी दारातून मागे फिरले. कुणालाच आधी सुचलं नव्हतं — त्यांनाही नाही, मलाही नाही! ज्या पडद्यात मला कोंडलं, त्याला दुसरी बाजूही आहे.

व्हरांड्यात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. धुक्यात शाल पांघरून बसले. तिवारीजी आत-बाहेर, आत-बाहेर, धाप लागली बिचाऱ्याला.

२७ डिसेंबर

रोज जाते. वाचनालयाचं कुलूप काढायला लावलं. पत्तेवाले पत्ते घेऊन गोशाळेत गेले. बायका येऊ लागल्या — नळ, गटार, दिवा, आणि काही नुसत्या मला बघायला. एक म्हातारी म्हणाली, “अगं, तू तर दिसायला बरी आहेस! फलकावर कळलंच नाही.”

व्हरांड्यात शेगडी आणून ठेवली आहे. थंडीनं जेठजींना खरोखरचा खोकला झालाय. पानवाला म्हणे गिऱ्हाइकांना विचारतो, “आतून बोलावणं आलं का हो प्रतिनिधींना?” सिस्टर लाल इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीला धरावं लागलं. जाताना मात्र हसू पुसून म्हणाल्या, “बहू, एवढं हसू या गावात पचत नाही. सांभाळ.”

२ जानेवारी

घरात कुणी बोलत नाही. जीजींनी कोठाराची किल्ली काढून घेतली, आता साखरही मागावी लागते. निक्कीला शाळेत बाईंनी सगळ्यांपुढे विचारलं, “आईला घरी काम नसतं का गं?” हे उशीत तोंड खुपसून म्हणाले, “भैया जेवत नाहीत.” मी म्हटलं, “मीही जेवले नाही, कुणी विचारलं?” मग उठून त्यांनी पोळी आणून दिली. गार होती. खाल्ली.

९ जानेवारी

येत्या बुधवारी नाही, पुढच्या बुधवारी मंडळाची सभा. तिवारीजी म्हणतात, तोवर अध्यक्षांची सही झाली नाही आणि सभेनं ठराव मागे घेतला, तर बाजाराचा विषय संपला. बायका सदस्य माझ्या बाजूनं आहेत, त्यांचे नवरे नाहीत. पण कलेक्टरांच्या हुकमानं नवरे आत येऊ शकत नाहीत! तेवढा बुधवार गाठायचा.

१४ जानेवारी

संक्रांत, म्हणजे इथला खिचडीचा सण. दरवर्षीसारखी रामलीला मैदानात आमच्या घरची खिचडी, सगळं गाव पंगतीला. कलेक्टर मॅडमना खास बोलावणं. मी घूंघट घेऊन बायकांत बसले होते.

जेठजींनी माईक घेतला. म्हणाले, “आजपासून सत्यपाल सिंहाच्या घरात पडदा बंद! जमाना बदलला. सून म्हणजे परकी का? ती माझी मुलगी आहे!” टाळ्या. शिट्ट्या. मला वर बोलावलं. जीजींनीच माझा पदर मागे केला — त्यांचे हात गार होते, स्वतःचा पदर मात्र नाकापर्यंत. जेठजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. चौदा वर्षांनी मी त्यांचा चेहरा पाहिला. साधाच आहे. पुढचा दात किडलाय. भीती वाटावी असं त्यात काही नाही.

कलेक्टर मॅडमचे डोळे पाणावले. त्यांनी जेठजींशी हात मिळवला, म्हणाल्या, “अशी माणसं प्रत्येक गावात हवीत.” वार्ताहरानं सगळ्यांना ओळीनं उभं करून फोटो काढला. बायका मला कवटाळत होत्या — नशीब काढलंस गं! सिस्टर लाल दूर हातात द्रोण धरून उभ्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

मला समजायला खिचडी संपेपर्यंत वेळ लागला. पडदा गेला, म्हणजे आता कार्यालयाच्या दारात त्यांना अडवणारं काही उरलं नाही.

याचसाठी मी लग्नाच्या पहिल्या वर्षी रडले होते, देवाला नवस बोलले होते. मिळालं ते असं!

१६ जानेवारी

जेठजी आज खोकले नाहीत. सरळ आत आले, माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि फाईल पुढे सरकवली. “बेटी, कर सही.” तिवारीजींनी पेनाचं टोपण काढून दिलं.

मी पदर ओढला. पार हनुवटीच्या खाली.

जेठजी ताडकन उठले — सवयीनं. भर कार्यालयात, लोकांदेखत, घूंघटातल्या सुनेशेजारी बसावं तर परवाची घोषणा खोटी, आणि तिच्याशी बोलणार तरी कसे? दारापर्यंत गेले, वळले, आणि बाहेर गेले.

घरी आले तरी पदर वर केलेला नाही. निक्की म्हणते, “मम्मी, घरात तर कुणीच नाहीये!” बुधवारपर्यंत असाच राहील. आणि नंतर वर करायचा म्हटलं, तर कधी करायचा?