दंडाला युरिया

आई, दंडाला युरिया लावतात. तू हसशील, मीही हसले होते. तू गेलीस तेव्हा माझं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्यानंतर तुला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. आम्ही नागपूर सोडून कॅनडात आलो, ग्वेल्फ नावाच्या गावात घर घेतलं, तुला नात झाली आणि ती तेरा वर्षांची होऊन माझ्याशी इंग्रजीत भांडायला लागली. यातलं काहीही मी तुला लिहिलं नाही. पण मागच्या हिवाळ्यात औषधांच्या दुकानात एका क्रीमच्या डब्यावर तो शब्द वाचला आणि वाटलं, हे मात्र आईला कळलंच पाहिजे. माझ्या दंडांशी तू एवढी वर्षं लढलीस, आणि त्यांना हवं होतं ते नावानं तरी आपल्याकडे पोत्यांनी पडलेलं होतं.

ते दंड तुला आठवत असणारच. मागच्या बाजूनं बारीक बारीक पुटकुळ्या, कायमचा काटा आल्यासारख्या. थंडी नाही, भीती नाही, तरी काटा. तू त्यांना किसणी म्हणायचीस. "पोरी, हे हात हायेत का किसनी? याच्यावर तं जायफळ किसता येईन!" हे तू घरात म्हणायचीस, आणि मावशी आल्या की त्यांच्यासमोर हात लावून दाखवायचीस. रविवार आहे, न्हाणीत बंबाचं कढत पाणी बादलीत काढलेलं आहे, तू मसुराच्या डाळीचं भरड पीठ सायीत कालवून माझ्या दंडांवर थापतेस. ते वाळून पापड झालं की वज्री घेतेस, तीच, जिनं आधी स्वतःच्या टाचा घासलेल्या असतात. मी बोंब मारते. तू म्हणतेस, "वरडू नको, मळ हाये तो, निघून राह्यला." मळ कसला निघत होता, मीच निघत होते. संध्याकाळपर्यंत दंड टोमॅटोसारखे लाल, आणि पुढच्या रविवारी पुटकुळ्या आपल्या जागी हजर. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच. तू हार मानणारी नव्हतीस. बेसन झालं, संत्र्याच्या सालीचं चूर्ण झालं, एकदा तर तू नवा काथ्या आणलास, भांडी घासायला म्हणून, आणि तो भांड्यांपर्यंत पोचलाच नाही.

तुझा खात्रीचा उपाय एकच होता, बाही. घरात शिवणयंत्र होतं, अर्ध्या मोहल्ल्याचे ब्लाउज तू शिवायचीस. शेजारच्या नवरीला बिनबाहीचा ब्लाउज शिवून देताना "काय केळीच्या गाभ्यावानी हात हायेत वो तुमच्या पोरीचे" असं कौतुक करायचीस, आणि माझ्या मापाला आलीस की टेप खांद्यावरून थेट कोपरापर्यंत. नागपूरचा मे महिना, कूलरमधलं पाणीसुद्धा गरम झालेलं, आणि मी कोपरापर्यंत कापडात. मुलाकडचे पाहायला आले तेव्हा तर तू बाहीची शिवण दोनदा ओढून पाहिलीस. तुझ्या जावयानं पुढे एप्रिल महिन्यात माझा दंड पाहिला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "थंडी वाजते का?" मी हो म्हणाले. त्या भल्या माणसानं उठून पंखा बंद केला आणि आम्ही दोघंही रात्रभर घामानं भिजलो.

आता नातीचं ऐक. मागच्या हिवाळ्यापासून ती घरातही हुडी काढेना. इथे थंडी असते हे खरं, पण घरात हीटिंग असतं, आणि ही पोरगी चुलीजवळ बसल्यासारखी लाल होऊन जेवायची, पण बाही वर घ्यायची नाही. मी विचारलं की "आय ॲम फाईन." शेवटी कळलं. शाळेत व्हॉलीबॉल खेळताना कुणीतरी तिचा दंड बघून चिकन स्किन म्हणालं होतं. सोललेल्या कोंबडीची कातडी, म्हणजे किसणीचीच कॅनडातली बहीण. जूनमध्ये आठवीचं ग्रॅज्युएशन होतं. इथे आठवी पास झाल्याचाही समारंभ करतात, पोरी बिनबाह्यांचे झगे घालतात, स्टेजवर जातात, आईबाप व्हिडिओ काढतात. ही म्हणाली, "आय ॲम नॉट गोइंग. यू कान्ट मेक मी." आणि वर जाऊन दार आपटलं. मी खाली जिन्याशी उभी राहिले. मला माझी सगळी कॉलेजची वर्षं दिसली, गॅदरिंग, पिकनिक, तलाव, आणि प्रत्येक ठिकाणी काठावर पूर्ण बाह्यांत बसलेली मी. हे हिच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

ठरवलं आणि काय केलं, विचार. तू केलंस तेच केलं. इंडियन ग्रोसरीतून मसूर डाळ आणली, मिक्सरमध्ये भरड काढली, साय कुठली इथे, म्हणून दह्यात कालवली. तुझी वज्री मी लग्नात आणली होती, ती कॅनडापर्यंत आलेली होती. लेकीला टबमध्ये बसवलं, गरम पाणी सोडलं आणि सुरू. ती ओरडते आहे, "आई, यू आर सँडपेपरिंग मी!" आणि माझ्या तोंडून, शप्पथ सांगते, तुझा आवाज बाहेर पडतो: "वरडू नको, मळ हाये तो!" तिला मराठी अर्धीमुर्धी कळते, पण मळ बरोब्बर कळला. त्या दिवसापासून वॉशरूमचं दार आतून बंद. हात लावू देईना, केस विंचरू देईना. आणि टब तुंबला. डाळीचं पीठ पाइपात जाऊन फुगलं होतं. प्लंबर आला, गुडघ्यावर बसून त्यानं तार घातली, काढली, वास घेतला आणि अगदी अदबीनं विचारलं, "मॅम, डिड समबडी पोअर सूप इन द टब?" मी काय सांगणार? सूपच म्हणाले. डाळ म्हटलं असतं तर ती का ओतली ते सांगावं लागलं असतं.

मग डॉक्टरकडे नेलं. ती बाई दंड बघून इतकी शांत राहिली की मला रागच आला. तिनं सांगितलं ते तुला सांगते. हा मळ नाही. नखं ज्या द्रव्याची बनतात तेच केसांच्या मुळाशी साचून बूच बसतं, म्हणून पुटकुळी. काही धोका नाही, कुणाला लागत नाही, वयाबरोबर बरंच कमी होतं, आणि घासल्यानं वाढतं. आई, वाढतं! हे ऐकताना माझी पोरगी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती तीच नजर मी तुझ्याकडे पाठवते आहे, सांभाळून घे. मग डॉक्टरनं विचारलं, हे बहुतेक घराण्यात असतं, तुमच्याकडे कुणाला आहे? मी माझी बाही वर केली. "आणि तुमच्या आईला?" मी पटकन नाही म्हणणार होते.

आणि मला ती सकाळ आठवली. तुला शेवटची अंघोळ घालायला काकू, मावशी आणि मी. आडोशाला चादर धरलेली, पाटावर तू. मावशींनी तुझा ब्लाउज काढला, तो कोपरापर्यंतच्या बाह्यांचा, आणि मी तुझ्या दंडावर पाणी घातलं, हात फिरवला. किसणी. जशीच्या तशी माझी. मी तुला जन्मात उघड्या दंडांनी पाहिलंच नव्हतं. मला वाटायचं, जुन्या वळणाची बाई, म्हणून लांब बाह्या. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं म्हणतात ना, तू ते शिलाई मारून पक्कं केलं होतंस! त्या वेळी मी इतकी रडत होते की रागावायला सुचलं नाही. डॉक्टरच्या खोलीत मात्र रागावले, आणि लगेच माझे डोळे भरून आले. तू माझा मळ घासत नव्हतीस, तुझ्याकडून माझ्याकडे आलेलं परत काढून घेत होतीस. एकदा सांगायचंस की गं. डॉक्टरला मी म्हणाले, "येस, माय मदर टू." लेक मला म्हणाली, "वेट, आजी हॅड इट?" आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. खाण तशी माती, हे तिला इंग्रजीत सांगायचा मी प्रयत्न केला, पण ते नुसतंच खाणकाम झालं.

घरी आल्यावर जेवताना जावयाला सांगितलं की डॉक्टरच्या सांगण्यावरून युरियाचं क्रीम आणलंय. तुला माहीतच आहे, तो माणूस मातीचा. अकोल्याला शेतकी शिकला, इथेही दिवसभर मातीचे नमुनेच तपासतो. त्याचा घास हातातच राहिला. "युरिया? किती टक्के?" डब्यावर वाचून सांगितलं. "हे तं काहीच नाही. आपल्या पोत्यात छेचाळीस टक्के नत्र असते." मग अगदी मन लावून विचारतो, "पेरणीसोबत द्यायचा का उभ्या पिकाला?" पोरगी म्हणाली, "डॅड, ओ माय गॉड." पण ती हसली, आणि त्या टेबलावर बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं. तेव्हापासून तो रोज विचारतो, "आज वरखत दिलं का?" वरखत म्हणजे उभ्या पिकाला वरून देतात ते खत. आणि गंमत अशी की त्याचं शास्त्र इथेही लागू पडलं. ओल असताना द्यायचं. पाणी कढत नको, कोमट; अंघोळ आटोपती; टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं; आणि कातडी ओलसर असतानाच क्रीम. कोरड्यावर घातलं तर वाया, आणि घासलेल्यावर घातलं तर अशी आग होते की विचारू नकोस, ते मी स्वतःवर करून बघितलं. दुसऱ्या एका बाटलीत दह्यातलं आंबट असतं, म्हणजे दही तेवढं माझं बरोबर होतं. खोलीत वाफ सोडणारं यंत्र ठेवलं, हीटिंगनं हवा कोरडी होते म्हणून. आपल्या कूलरचं बारकं भावंड आहे ते, फक्त ओरडत नाही.

पहिले काही दिवस ती दार बंद करून आपलं आपण लावायची. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालायचं नाटक करत उभी. मग एकदा दार उघडलं. दंडाच्या मागे तिचा हात नीट पोचत नव्हता. डबा माझ्यापुढे धरून म्हणाली, "फाईन. बट नो रबिंग." मी बोटावर क्रीम घेतलं आणि इतक्या हलक्या हातानं लावलं की ती म्हणाली, "यू कॅन टच मी, यू नो." आई, मला तेव्हा जे वाटलं ते मराठीतही सांगता येणार नाही. मी नुसती लावत राहिले. नंतर बोलणं सुरू झालं, शाळेचं, मैत्रिणींचं, त्या चिकन म्हणणाऱ्या पोराच्या तोंडावरच्या मुरमांचं. त्या पोराबद्दल आम्ही दोघी फार वाईट बोललो.

मे उजाडेपर्यंत पुटकुळ्या बऱ्याच बसल्या. गेल्या नाहीत. डॉक्टर म्हणालीच होती, जात नाहीत, लावणं थांबवलं की परत येतात. मला वाटलं, आता ही जाईल समारंभाला. ही दुकानात आरशासमोर निळा झगा घालून उभी राहिली, मान वळवून दंड बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाही पूर्ण बाह्यांत होते. म्हणाली, "आय विल वेअर इट इफ यू डू." मी म्हटलं, "मी कशाला? माझं ग्रॅज्युएशन आहे का?" तर म्हणे, "यू कीप सेइंग इट्स नो बिग डील." कात्रीत सापडले. तुझी नात आहे, माप घेताना चुकत नाही.

तर जूनमधली ती संध्याकाळ. शाळेचं जिम, कॅनडाला दीडशे वर्षं होणार म्हणून सगळीकडे लालपांढरे फुगे, आणि तुझी पंचेचाळिशीची लेक मोरपंखी साडीवर बिनबाहीचा ब्लाउज घालून घडीच्या खुर्चीत. कुणी बघितलं म्हणशील, तर कुणीही नाही. शेजारची बाई आपल्या पोराच्या टायकडे बघत होती. जावई म्हणाला, "छान दिसतेस. थंडी वाजते का?" मी मात्र हातांची घडी अशी घालून बसले होते की दोन्ही तळवे दंडांवर, आत पुटकुळ्या, वर बोटं. पोरं एकेक करून स्टेजवर जात होती आणि मी मानेनंच कौतुक करत होते. मग तिचं नाव पुकारलं. त्यांनी ते चुकीचं उच्चारलं, तिनं सवयीनं चालवून घेतलं. निळ्या झग्यात, उघड्या दंडांनी ती पायऱ्या चढली, कागद घेतला आणि गर्दीत मला शोधायला लागली. हाताची घडी घालून टाळ्या वाजवता येत नाहीत, आई. मी घडी सोडली, उभी राहिले, हात डोक्याच्या वर नेऊन वाजवल्या. ती हसली. शेजारच्या बाईनं मान वर करून बघितलं, बघू दे म्हटलं.

हे तुला आवडलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. समजा तू असतीस आणि हे तुला वाचून दाखवायची वेळ आली असती, तर मी इथेच थांबले असते आणि पुढची ओळ गाळली असती. टाळ्या संपल्या, मी खाली बसले आणि लगेच परत घडी घातली.